जोड सायलेन्सर, मागचं सस्पेन्शन आणि मधली बोटभर जागा

वुडवर्डवाला

नमस्कार मंडळी. गाडी १९८९ ची फोर्ड मस्टँग एलएक्स ५.०, हॅचबॅक, हाताने बदलायचे पाच गिअर. मुक्काम ट्रॉय, मिशिगन. डिअरबॉर्नच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली ते गाव माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे माहेरवाशीण समजूनच तिला सांभाळतो.

गेल्या उन्हाळ्यात तिला स्टेनलेसचे अडीच इंची जोड सायलेन्सर बसवले. व्ही-८ च्या दोन बाजूंचे दोन पाइप, मध्ये आडवा जोड, दोन मफलर (आवाज दाबणारे डबे), मग दोन्ही पाइप मागच्या एक्सलवरून चढून पेट्रोलच्या टाकीच्या दोन्ही अंगांनी मागे. जीटी मॉडेलमध्ये पाइपांची तोंडं खाली वळवलेली असतात, एलएक्समध्ये ती सरळ मागे दिसतात. मला ती तशीच हवी आहेत.

आता अडचण. हायवेला लागताना एक लांब वळण आहे आणि नेमके त्या वळणातच पुलाचे दोन सांधे. पहिल्या सांध्यावर गाडीचं बूड बाहेर सरकतं, दुसऱ्यावर परत येतं. मागच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी असते. तिला मजा वाटते, माझ्या पोटात गोळा येतो.

मागचं सस्पेन्शन सुधारायचं नक्की केलं आहे. कोणी म्हणतं पॅनहार्ड रॉड घाल, कोणी वॉट्स लिंकेज, कोणी थेट टॉर्क आर्म. तिन्ही मागच्या एक्सलला जागेवर धरून ठेवायच्या रचना. प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य ऐकायला मिळतं: "पाइपांचं मात्र तुझं तू बघ." पाइप कापायचे नाहीत. ते जागेवर ठेवून मागे काय बसेल, आणि आधी काय करावं? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सविस्तर लिहा.

अणुरेणू

वाचतोय. माझ्याकडे अशी गाडी नाही, पण विषय आवडला.

कोकणी_पाहुणा

अडाण्याचा प्रश्न. एका इंजिनाला दोन सायलेन्सर कशाला? एक जाड पाइप पुरत नाही का?

पाटेवाला

@कोकणी_पाहुणा, अडाण्याचा नाही, मुळातलाच प्रश्न आहे. व्ही-८ मध्ये चार-चार सिलिंडरच्या दोन ओळी असतात, प्रत्येक ओळीचा धूर आपापल्या बाजूने बाहेर पडतो. एकच पाइप करायचा तर एक बाजू गिअरबॉक्सखालून पलीकडे न्यावी लागते आणि पुढचा पाइप चांगलाच जाड लागतो. तो जाड पाइप एक्सलवरून न्यायला जागा नसते. दोन मध्यम पाइप दोन बाजूंनी सुखाने जातात. शिवाय आवाज, पण तो ऐकल्याशिवाय सांगता येत नाही.

वुडवर्डवाला, माझी गाडी तुझ्या गाडीची थोरली बहीण, १९६८ ची मस्टँग. न्यू जर्सीत असतो. माझ्याकडे मागे पाटे आहेत, म्हणजे सगळी गोष्टच वेगळी. पाटा पुढे बॉडीला, मागे शॅकलला, मध्ये एक्सल यू-बोल्टने आवळलेला. एक्सलला डावी-उजवीकडे धरून ठेवायचं कामही पाटाच करतो, त्यामुळे मला पॅनहार्डची गरज फारशी भासली नाही. तुझ्या गाडीला मागे कॉइल स्प्रिंग आणि चार आर्म. तिथे एक्सलला आडवं कोण धरतं? वरचे दोन तिरके आर्म आणि त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश. पस्तीस वर्षांचे बुश असतील तर बूड सरकणारच.

पाइपांबद्दल मात्र माझा एक अनुभव तुझ्या उपयोगाचा आहे. नवे पाटे घातल्यावर मी गाडी पाइप बसवायला एका दुकानात दिली. त्यांनी ती दोन खांबांच्या लिफ्टवर उचलली, चाकं हवेत, एक्सल खाली लोंबकळलेला. त्या अवस्थेत पाइप आणि एक्सलमध्ये मूठ जाईल एवढी जागा होती. झकास वेल्डिंग केलं, पाइप टांगायचे हँगर लावले. गाडी खाली उतरली, एक्सल वर आला आणि पाइप त्यावर टेकला. घरी येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला घण मारल्यासारखा आवाज. चूक साधी होती: पाइप बसवताना गाडीचं वजन चाकांवर हवं, नाहीतर घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) एक्सलखाली हव्यात, चासीखाली नव्हेत. दुकानदाराला हे आधी सांग, आणि उभं राहून करून घे.

सुमेधा_ऑस्टिन

पाटेवाला यांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

मी ऑटोक्रॉस (मैदानात शंकू मांडून केलेली वेळेची शर्यत) करते, गाडी २०११ ची मस्टँग जीटी. २००५ ते २०१४ च्या मस्टँगला कारखान्यातूनच पॅनहार्ड रॉड येतो: वर एक आर्म, खाली दोन आणि एक आडवा दांडा. म्हणजे फोर्डनेच पुढे हा प्रश्न असा सोडवला. तुझ्या फॉक्स चासीत (१९७९ ते १९९३) तो दांडा नाही. दोन वरचे आर्म साधारण ४५ अंशांत तिरके लावून त्यांच्याकडूनच दोन कामं करून घेतली आहेत: एक्सल स्वतःभोवती पिळला जाऊ नये हे बघणं आणि तो आडवा सरकू नये हे बघणं.

यातली मेख समजून घे, कारण बरेच जण इथेच पैसे घालवतात. वळणात गाडी कलली की या आर्मना पिळावं लागतं. तो पीळ कारखान्याचे मऊ रबरी बुश पोटात घेतात. "घट्ट झालं की चांगलं" म्हणून वरच्या आर्ममध्ये कडक पॉलियुरेथेन बुश घातले की पीळ जायला जागाच उरत नाही. मग वळणात मागचं सस्पेन्शन मध्येच अडकतं, स्प्रिंग एकदम दुप्पट कडक झाल्यासारखं वागतं आणि टायरची पकड अचानक सुटते. बूड सरकतंय म्हणून केलेला उपाय बूड फेकायला लागतो. वर नवं रबर, खाली हवं तर कडक. हा क्रम उलटा करू नकोस.

पाइपांसाठी पर्याय असे दिसतात. पॅनहार्ड एक्सलच्या मागून आडवा जातो, तुझे पाइप तिथेच एक्सलवरून खाली उतरतात. म्हणजे भेट होणार ती तिथेच. वॉट्स लिंकेजमध्ये दोन दांडे आणि मध्ये फिरणारा तुकडा, त्यामुळे भेटीची ठिकाणं जास्त. टॉर्क आर्म एक्सलपासून पुढे गिअरबॉक्सकडे जातो, म्हणून मागच्या पाइपांना त्याचा त्रास नाही, पण पुढे बोगद्यात मधल्या आडव्या जोडाशी त्याची गाठ पडते. सरळ एच जोड बऱ्याचदा आडवा येतो, तो बदलावा लागतो. तू म्हणतोस पाइप कापायचे नाहीत, मग टॉर्क आर्म तूर्तास बाजूला ठेव.

सॅनहोजेकर

सुमेधा, पॅनहार्डमध्ये एक दोष आहेच ना? दांड्याचं एक टोक बॉडीला, एक एक्सलला. एक्सल वर-खाली होताना वर्तुळाच्या कमानीत फिरणार, म्हणजे थोडा आडवा सरकणारच. वॉट्सला तो दोष नाही. जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढलेली रचना, जवळजवळ सरळ रेषेत हालचाल. मग अर्धवट उपाय कशाला करायचा?

सुमेधा_ऑस्टिन

@सॅनहोजेकर, गणित करून बघू. दांडा १००० मिमी लांब आणि गाडी उभी असताना आडवा सपाट आहे असं धर. एक्सल ५० मिमी वर गेला तर आडवा सरकतो सव्वा मिलिमीटर. ७५ मिमी गेला तर २.८. पूर्ण १०० मिमी गेला तरी ५ मिमी. जुन्या बुशांमुळे वुडवर्डवाल्याचा एक्सल आत्ता याहून किती तरी जास्त सरकत असेल. म्हणून दांडा शक्य तितका लांब आणि उभ्या गाडीत सपाट हवा, एवढं पाळलं की रस्त्यावर पुरे.

वॉट्स वाईट नाही. माझ्या गाडीत मी तोच बसवला आहे. पण त्याचा उजवा ब्रॅकेट आणि पाइप यांच्यात कागद जाईल इतकीच जागा राहिली होती. हँगर हलवून, पाइप थोडा फिरवून ती मिळवायला दोन रविवार गेले.

गॅसवेल्डर

वॉट्स आणि जोड सायलेन्सर एकत्र नांदत नाहीत असं कोणी समजू नये. १९९८ पासूनच्या फोर्ड क्राऊन व्हिक्टोरियाला कारखान्यातूनच वॉट्स लिंकेज होतं आणि त्यातल्या पोलिसांच्या गाड्यांना जोड सायलेन्सर. तिथे पाइप आणि लिंकेज एकाच कागदावर आखले गेले होते. आपण मागाहून घुसवतो म्हणून भांडण होतं.

उलट उदाहरण कॅमारोचं. १९८२ ते २००२ च्या कॅमारो आणि फायरबर्डला कारखान्याचा टॉर्क आर्म, शिवाय पॅनहार्ड. दोन्ही असल्यामुळे खालची जागा इतकी आक्रसली की अगदी शेवटच्या वर्षांच्या व्ही-८ गाड्यांतही दोन्ही बाजूंचे पाइप पुढेच एकत्र करून एकच पाइप एक्सलवरून नेला, मागे आडवा मफलर आणि त्याला दोन तोंडं. त्या गाडीत शेवटपर्यंत दोन वेगळे पाइप न्यायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. एक तर एक्सलच्या आधीच संपवतात, नाहीतर पाइप चपटे करून घालतात.

घाटवाट

मग एक्सलच्या आधीच संपवायचे ना! पाइप मफलरनंतर खाली वळवून तिथेच सोडायचे. मागचं सगळं आवार मोकळं, पॅनहार्ड घाला, वॉट्स घाला, काहीही घाला. वजनही कमी होतं.

वुडवर्डवाला

@घाटवाट, विचार केला होता आणि सोडून दिला. हॅचबॅक आहे, मागच्या दाराचं रबर जुनं, आणि मागच्या सीटवर मुलगी. गाडीखाली सोडलेला धूर सिग्नलला उभं असताना आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीच्या पार मागे धूर सोडणारा पाइपच मला हवा.

घाटवाट

ते खरं. मी माझा सल्ला मागे घेतो. रेसच्या गाडीत ठीक, घरच्या गाडीत नको.

सॅनहोजेकर

आणि आवाज. आमच्या कॅलिफोर्नियात ६,००० पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. पाइप एक्सलआधी तोडले की आवाज वाढतोच, शिवाय तो थेट फरशीखाली घुमतो. मिशिगनमध्ये नियमित धूर तपासणी नाही म्हणून तुम्ही सुखी आहात, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) हात लावू नका. आमच्याकडे १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी तपासणी असते. १९८९ ची गाडी त्यात येते.

मृणाल_कोथरूड

विषयांतराबद्दल क्षमस्व. आमच्या ओळखीत एकांकडे २०१६ साली भारतात आली तेव्हाची मस्टँग जीटी आहे. तिच्याही मागे दोन पाइप आहेत. पुण्यात असं काही बदलता येईल का?

सुमेधा_ऑस्टिन

त्या गाडीत मागे सरळ एक्सलच नाही, दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात. त्यामुळे पॅनहार्ड, वॉट्स, टॉर्क आर्म यातलं काहीच लागू नाही. तिथे बुश, स्प्रिंग, शॉक एवढाच विषय.

नाना_चिंचवड

मृणालताई, कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ मापांत बदल होईल असं काही गाडीत करता येत नाही. झिजलेला भाग बदलून तसाच नवा घालणं वेगळं आणि गाडीची रचना बदलणं वेगळं. आरटीओत विचारल्याशिवाय हात लावायला सांगू नका.

आता मूळ मुद्दा. वुडवर्डवाल्या, मी तुझी गाडी फोटोतच पाहिली आहे. पण चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली, पद्मिनीपासून दहा चाकी ट्रकपर्यंत. पोटाखालचा नियम सगळीकडे सारखा. बॉडीला टांगलेली वस्तू आणि एक्सलला बांधलेली वस्तू यांची भेट कुठे होते ते आधी शोधायचं. तुझा पाइप बॉडीला टांगलेला. एक्सल, दांडा, दांड्याचा एक्सलवरचा ब्रॅकेट हे खालून वर येणारे. उभ्या गाडीत मोजून काही कळत नाही.

आम्ही असं करायचो. मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढायच्या. चासी घोड्यांवर भक्कम ठेवायची आणि जॅकने एक्सल हळूहळू वर न्यायचा, बंप स्टॉपच्या रबराला (एक्सलला वर अडवणारा ठोकळा) टेकेपर्यंत. मग एक बाजू वर आणि एक खाली, मग उलट. हे तिरकं मोजमाप लोक विसरतात, आणि पाइप नेमका तिथेच लागतो, कारण वळणात किंवा एका चाकाखाली खड्डा आला की एक्सल तिरकाच होतो. जिथे शंका आहे तिथे पोळ्यांच्या कणकेचा गोळा तेल लावून चिकटवायचा. एक्सल खाली आणला की गोळा किती चेपलाय ते सुरीने कापून पट्टीने मोजायचं. मातीचे गोळे, मेण सगळं वापरून पाहिलं, कणकेइतकं सोपं काही नाही. आणि गाडीखाली जाण्याआधी घोड्या दोनदा हलवून बघ. हे आधी करायचं, बाकी सगळं नंतर.

अणुरेणू

कणीक! नाना, हे वाचायला मिळालं म्हणून धागा वाचल्याचं सार्थक झालं.

राणी_मिलपिटस

आमच्याकडे यापुढे कणीक थोडी जास्त मळली जाणार असं दिसतंय. नवरा हा धागा मोठ्याने वाचतोय.

पाटेवाला

नाना, दंडवत. एक भर घालतो: गार पाइप मोजून थांबू नये.

गॅसवेल्डर

+१ पाटेवाला. आकड्यात सांगतो. पाइप इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत साडेतीन मीटर धरा. सरासरी ३०० अंश तापला तर या गाड्यांत वापरतात त्या साध्या स्टेनलेसचा पाइप सुमारे १२ मिमी लांब होतो. हे वाढणं मागच्या बाजूला जातं, कारण पुढे तो इंजिनाला बांधलेला. एक्सलवरच्या वळणात ती वाढ आली की पाइप मागे सरकतो, म्हणजे नेमका पॅनहार्डच्या दिशेने. त्यात इंजिन गॅस दिल्यावर आडवं डोलतं, पाइपही त्याच्यासोबत. म्हणून कणकेने मोजून कमीत कमी १५ ते २० मिमी मोकळी जागा निघायला हवी असं मी धरतो. ५ मिमी म्हणजे उन्हाळ्यात खडखडाट.

आणि पाइपाशेजारी पॉलियुरेथेन बुश किंवा शॉकचं रबर येत असेल तर मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी लावा. बुश वितळण्याची वाट पाहायची नाही.

घाटवाट

आणखी एक शंका. गाडी थोडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या तर पाइप आणि एक्सलमधली जागा कमी होणार ना? ३५ मिमी गाडी खाली गेली तर ३५ मिमी जागा गेली.

सुमेधा_ऑस्टिन

उभ्या गाडीत हो. पण पूर्ण दाबलेल्या अवस्थेत जागा तेवढीच राहते, कारण एक्सल कुठे थांबायचा ते बंप स्टॉपचं रबर ठरवतं, स्प्रिंग नाही. फरक एवढाच की खाली बसवलेली गाडी त्या रबरापर्यंत वरचेवर पोचते. धोका कुठे? "प्रवास वाढावा" म्हणून लोक ते रबर कापतात तिथे. मग एक्सल पाइपाला भिडतो. रबर कापू नका.

वुडवर्डवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गाडी घोड्यांवर घेतली. नानांच्या सांगण्याप्रमाणे आईने कणीक मळून दिली. ती दोन महिन्यांसाठी सोलापूरहून आली आहे. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येक गोळ्याला "अजून तेल लाव" सांगत होती.

आधी वाईट बातमी. वरच्या आर्मचे चारही बुश चिरलेले. डावीकडचा एक्सलवरचा बुश बोटाने हलतो. खालच्या आर्मच्या जागी, जिथे तो बॉडीला बोल्ट होतो त्या पेटीच्या पत्र्याला एक बारीक चीर गेली आहे. मिशिगनचं मीठ आणि पस्तीस हिवाळे.

सुमेधा_ऑस्टिन

थांब. बाकी सगळं थांबव. ती पेटी म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा पाया. फॉक्स चासीत हे ठिकाण फाटतं हे जुन्या लोकांना ठाऊक असतं, त्यासाठी जाड पत्र्याचे मजबुतीचे तुकडे मिळतात. बोल्ट करायचे, जमलं तर कडेने वेल्ड करायचे. फाटलेल्या पायावर पॅनहार्ड आणि कडक आर्म घातले तर चीर वाढतच जाणार. आणि मुलीला घेऊन ती गाडी आत्ता चालवू नकोस.

पाटेवाला

दुरुस्तीच्या आधी पेटीतला गंज घासून स्वच्छ कर. गंजावर वेल्ड धरत नाही. जवळून ब्रेकचा आणि पेट्रोलचा पाइप जातो, वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोड आणि ते पाइप ओल्या कापडाने झाक. टाकी रिकामी करून काढलीस तर सर्वांत बरं.

वुडवर्डवाला

सांगितल्याप्रमाणे गाडी बंद केली. टाकी काढली आहे. पेटीचं काम मी करणार नाही, वेल्डिंगचा हात तेवढा बसलेला नाही. गावातल्या एका जुन्या फॅब्रिकेटरला दिलं आहे.

कोकणी_पाहुणा

मूळ प्रश्नापासून आपण बरंच लांब आलो, पण जे सापडलं ते महत्त्वाचं. पाइपांसाठी गाडी उचलली म्हणून चीर दिसली.

नाना_चिंचवड

अरे बाळा, आईला नमस्कार सांग. आणि बुश दाबून बसवताना गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचा बोल्ट आवळ. लोंबकळत्या एक्सलवर आवळलास तर रबर कायमचं पिळलेलं राहील आणि वर्षात फाटेल. हे तू विचारलं नव्हतंस, पण सांगून ठेवतो.

राणी_मिलपिटस

धागा वर काढतेय. वुडवर्डवाला, काय झालं पुढे? इथे सगळे थांबलेत.

वुडवर्डवाला

उशीर झाला, क्षमस्व. महिनाभर काम चाललं. सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी हाच प्रश्न घेऊन येईल.

आधी पाया: दोन्ही बाजूंच्या पेट्यांना आतून-बाहेरून पत्रा, वेल्ड आणि रंग. मग वरच्या आर्मना कारखान्यासारखेच नवे रबरी बुश, खालचे आर्म नवे आणि थोडे कडक. नवे शॉक. स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या, गाडी खाली घेतली नाही. एक्सलला कारखान्यातूनच आडवे लावलेले दोन जास्तीचे शॉकही काढले नाहीत, पाइपांना त्यांची अडचण नव्हती.

एवढं झाल्यावर गाडी त्या वळणावर एकट्याने नेली. सरकणं निम्म्याहून कमी झालं होतं. खरं सांगायचं तर तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसऱ्या सांध्यावर हलकासा धक्का अजून होता, म्हणून पॅनहार्ड घेतला, बॉडीच्या बाजूला भक्कम चौकट असलेला.

कणकेचे निकाल. दोन्ही चाकं सारखी वर नेली तेव्हा दांडा आणि पाइप यांच्यात डावीकडे १६ आणि उजवीकडे २४ मिमी. इथे मी खूश होऊन आवरायला लागलो होतो. मग नानांचं तिरकं मोजमाप केलं: डावं चाक वर, उजवं खाली. डावीकडचा गोळा चेपून ६ मिमी. त्यात गॅसवेल्डर यांची १२ मिमीची वाढ धरली तर पाइप दांड्यावर बसणार हे दिसत होतं.

कापाकापी करावी लागली नाही. मफलरनंतरचा जोड एकात एक सरकणारा आहे. क्लॅम्प सैल करून एक्सलवरचा तुकडा थोडा पुढे ढकलला आणि किंचित वर फिरवला. मागचा हँगर आखूड केला, त्याची रबरं नवी घातली. गोळा परत लावला: १९ मिमी. उजवीकडे २४ चे २२ झाले, तेवढे चालतील. पाइपाचं तोंड बंपरखाली आधी होतं तिथून अर्ध्या बोटाने पुढे गेलं आहे. उजवंही तेवढंच पुढे ओढून जुळवून घेतलं, मग परत मोजलं. दांड्याच्या डाव्या टोकाच्या बुशाला पत्र्याचा आडोसा लावला.

गॅसवेल्डर

१९ उत्तम. क्लॅम्प शंभर मैलांनंतर पुन्हा एकदा आवळा, तापून-निवून ते सैल होतात. आणि पाइपावर खडूने जोडाच्या जागी रेघ मारून ठेवा, सरकला तर लगेच दिसेल.

सुमेधा_ऑस्टिन

फार छान केलंस. पॅनहार्ड उभ्या गाडीत सपाट आहे का तेवढं बघ, पेट्रोल अर्धी टाकी आणि तू आत बसलेला असताना.

वुडवर्डवाला

बघितलं. माझ्याऐवजी आईला बसवलं आणि मी खाली पट्टी लावली. डावं टोक ४ मिमी वर होतं, ते दांड्याच्या ब्रॅकेटवरचं भोक एक खाली घेऊन जमवलं. एक्सल चासीच्या मधोमध आहे का तेही दोन्ही चाकांपासून ओळंबा सोडून मोजलं, दांड्याची लांबी अर्धा फेरा फिरवून दुरुस्त केली. भोक बदललं म्हणून तिरकं मोजमाप परत घेतलं, १९ चे १८ झाले. क्लॅम्पला खडूची रेघ आज मारतो.

अणुरेणू

आणि ते वळण?

वुडवर्डवाला

काल संध्याकाळी गेलो. मुलगी मागे, आई पुढे. पहिला सांधा "ठक", दुसरा "ठक", गाडी आपल्या रेषेत. खालून पाइपाचा काही आवाज नाही. मुलीने विचारलं, "बाबा, आज गाडी नाचली का नाही?" आई म्हणाली, "नाचायचं वय गेलं तिचं." ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझला (इथला जुन्या गाड्यांचा मेळा) गाडी नेतोय, कोणी डिट्रॉइटच्या आसपास असेल तर कळवा. गाडीखाली वाकून बघायला सगळ्यांना परवानगी आहे, उजव्या मफलरच्या हँगरला अजून कणकेचा एक गोळा वाळून चिकटलेला आहे.

नाना_चिंचवड

तो गोळा काढ रे बाबा आधी, उंदीर येतील.